गाठ की गुठळी

"जरा हळू गं," लोंढेताई म्हणाल्या.

"हळू केलं तर उपयोग नाही, ताई. दुखणारच. दुखल्याशिवाय गाठ सुटत नाही."

आगारातल्या बायकांच्या विश्रांती खोलीत, खिडकीखाली सतरंजी टाकून त्या बसल्या होत्या. दोन्ही हात मागे टेकलेले, खाकी सलवार गुडघ्यापर्यंत वर ओढलेली आणि डाव्या पोटरीखाली आमचं लाटणं. दुपारचे तीन वाजत आले होते. चारच्या बार्शी गाडीवर त्यांची ड्यूटी होती. माझी सकाळपाळी संपली होती, आणि त्याच गाडीनं मी माझ्या फाट्यावर उतरून घरी जाणार होते.

"उजवा पाय डाव्यावर टाका," मी म्हटलं. "म्हणजे वजन नीट पडेल."

त्यांनी पाय टाकला. कमर उचलली. लाटणं इंचभर पुढं सरकलं आणि त्यांनी दात आवळले.

"एकाच पायाला कसं गं होतं असं? उभी तर मी दोन्ही पायांवर असते."

"तुम्ही गाडीत डाव्या पायावर रेलून तिकीट फाडता. मी बघितलंय."

हे मी त्या क्षणी रचलं होतं. त्या कुठल्या पायावर रेलतात हे मी कधीच बघितलं नव्हतं. पण ऐकायला पटण्यासारखं होतं आणि त्यांना ते पटलं.

"नक्की गाठच ना?"

मी पोटरीवर तळवा ठेवून बघितला. पोटरी टणक होती. उजवीच्या दीडपट फुगलेली. आणि गरम.

"गाठच आहे," मी म्हटलं.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते आणि कंडक्टर म्हणून मला नऊ वर्षं झाली होती. लोंढेताई माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठ्या. शकुंतला लोंढे. आमच्या आगारात पहिल्यांदा खांद्याला तिकिटाची बॅग अडकवून बाई गाडीत चढली ती त्यांच्या रूपानं. मी नवी असताना, एका पॅसेंजरनं मला घाण बोलल्यावर त्यांनी भर स्टँडवर त्याच्याकडून माफी मागून घेतली होती. मी त्यांना ताई म्हणायचे, आणि ते नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं.

लाटणं आलं ते त्याच वर्षी आठ मार्चला. महिला दिनाचं आरोग्य शिबिर होतं. रक्तदाब बघून झाल्यावर गावात नव्यानंच दवाखाना थाटलेली एक फिजिओथेरपिस्ट मुलगी आली. डॉक्टर केतकी. तिच्या काखेत काळ्या फोमचं एक नळकांडं होतं, हातभर लांब, मांडीएवढं जाड, अंगावर घोरपडीच्या पाठीसारखे उंचवटे. त्याला फोम रोलर म्हणतात, हे तिनं तीनदा सांगितलं. आम्ही नऊ जणी. आठव्या मिनिटाला त्याचं नाव लाटणं पडलं.

"दिवसाचे आठ तास हलत्या गाडीत उभं राहता," ती म्हणाली. "स्नायू आखडतात. रोज मालिश करायला घरात कोण बसलंय? हे जमिनीवर ठेवायचं आणि आपल्याच वजनानं आपला पाय दाबून घ्यायचा. दुखरी जागा सापडली की तिथं थांबायचं, श्वास सोडायचा, तीस मोजायचे. हाडावर नाही, गुडघ्याच्या मागं नाही."

सगळ्या हसत होत्या. खाकी ड्रेसवर जमिनीवर लोळायचं म्हणजे काय! मीच पुढं झाले, कारण माझ्या मांड्या आणि पोटऱ्या त्या काळात संध्याकाळी इतक्या भरून यायच्या की घरची तीन पायऱ्यांची ओसरी चढताना मी भिंत धरायचे. मी लोळले. तीस मोजले. दुसऱ्या पायाला तीस मोजले. उठले तेव्हा पाय कुणीतरी नवे बसवून दिल्यासारखे वाटले. मी खोटं सांगत नाही. वाकून मी पायांची बोटं धरली, पाचवी-सहावीत धरायचे तशी.

"तुम्ही शिका नीट आणि यांना शिकवा," डॉक्टर केतकी मला म्हणाली आणि लाटणं आमच्या खोलीतच ठेवून गेली. तिनं सांगितलेलं सगळं मी वहीत लिहून घेतलं होतं, आकडे घालून.

मग माझं नाव झालं. कुणाची कंबर, कुणाचा खांदा, कुणाच्या मांडीचा बाहेरचा भाग. ड्यूटी संपली की बायका मला शोधत यायच्या. "उज्ज्वला, जरा लाटून दे गं." मी कुणाला पाय कसा टाकायचा ते दाखवायची, कुणाच्या पाठीत स्वतः लाटणं फिरवायची. कागदावर मी बारावी नापास. पण त्या खोलीत मी म्हणेन ते खरं, असं चाललं होतं, आणि मला ते फार आवडत होतं. ड्रायव्हर लोकसुद्धा दारात उभे राहून मला आडनावानं हाक मारून विचारायचे, "पवळताई, आमच्या मानेसाठी काय आहे का?"

आणि आता लोंढेताई स्वतः आल्या होत्या. दोन महिने "असले खेळ मला नकोत" म्हणणाऱ्या.

"तीस झाले का?"

"अजून दहा," मी म्हटलं.

मला वाटलं त्या पुरेसं वजन टाकत नाहीत. म्हणून मी त्यांच्या उजव्या गुडघ्यावर दोन्ही हात ठेवले आणि वरून दाबलं. त्यांच्या तोंडातून आवाज निघाला नाही, पण ओठांचा रंग गेला. मी तीस मोजले. मग जागा बदलून परत तीस.

"बास," त्या म्हणाल्या. "बरं वाटतंय आता."

त्यांना बरं वाटत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण त्या बरं वाटतंय म्हणाल्या आणि मी ते घेतलं. त्यांनी तोंड धुतलं, केस नीट केले, तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवलं आणि लंगडत गाडीकडे गेल्या.

चारची गाडी भरलेली होती. ड्रायव्हर बागवानमामा. पन्नाशीचे, शांत, गाडी चालवताना एक शब्द न बोलणारे. मी मधल्या दाराजवळच्या सीटवर बसले. लोंढेताई पुढून तिकिटं काढत येत होत्या. गावाबाहेरचा पूल ओलांडला तेव्हा त्या चौथ्या सीटशी होत्या. साखर कारखान्याचा फाटा आला तेव्हाही चौथ्याच सीटशी.

"अहो बाई, दोन हाफ म्हटलं ना मी," एक आजी त्यांना म्हणत होती. "दोन हाफ, एक फुल."

लोंढेताईंनी दांडा धरला होता. डोळे आजीकडे होते, पण त्या तिला बघत नव्हत्या. मग त्यांनी मान वळवली आणि मला शोधलं.

"उज्ज्वला, मशीन धर."

मी उठले. त्यांनी गळ्यातला पट्टा काढायचा प्रयत्न केला, तो कानात अडकला. मी सोडवला. त्यांचा श्वास धापेसारखा वर-वर चालला होता, जिना धावत चढल्यासारखा.

"काय होतंय, ताई?"

"हवा येत न्हाई," त्या म्हणाल्या. "खिडकी उघड."

सगळ्या खिडक्या उघड्याच होत्या.

त्या खाली बसल्या, सीटवर नाही, मधल्या वाटेत. आजीनं आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली पुढं केली. कुणीतरी म्हणालं चक्कर आली, कुणीतरी म्हणालं ऊन लागलं, कुणीतरी कांदा मागितला. मी "मामा!" म्हणून ओरडले. बागवानमामांनी आरशात बघितलं, गाडी बाजूला घेतली नाही, उलट दाबली.

"किती वेळ लागेल बार्शीला?" मी विचारलं.

"वीस मिनिटं. मी पंधरात नेतो. त्यांना आडवं करू नका, बसवून ठेवा. माझ्या बापाला असंच झालं होतं."

वाटेतले दोन थांबे त्यांनी घेतले नाहीत. माझा फाटा गेला. ज्यांचं गाव मागं राहिलं त्यांच्यातलं कुणीही बोललं नाही. मी ताईंच्या पाठीला गुडघे लावून बसले होते आणि एकच गोष्ट डोक्यात फिरत होती: पोटरी पायात आहे, श्वास छातीत आहे. एकाचा दुसऱ्याशी काय संबंध? काहीच नाही. हे ऊन आहे. हे दुसरंच काहीतरी आहे.

चाळीस पॅसेंजरांची लाल गाडी बार्शीत डॉक्टर निमकरांच्या दवाखान्याच्या दारात उभी राहिली. दोघा-तिघांनी ताईंना उचलून आत नेलं. डॉक्टरांनी नाडी बघितली, बोटाला काहीतरी लावलं, छाती ऐकली. मग त्यांची नजर पायावर गेली. त्यांनी सलवार वर केली, दोन्ही पोटऱ्या शेजारी ठेवून बघितल्या आणि डाव्या पोटरीवर मी ठेवला होता तसाच तळवा ठेवला.

"किती दिवसांची सूज?"

"आठ-दहा," ताई म्हणाल्या. नाकाला नळी लावली होती, त्यातून शब्द पुसट येत होते.

"शिरेत रक्ताची गुठळी असणार. तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला असेल. सोलापूरला हलवावं लागेल, आत्ताच. इंजेक्शन देतो." त्यांनी नर्सला सांगितलं आणि मग परत वळले. "पाय कुणी चोळला होता का? दाबला होता? मालिश वगैरे?"

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. गळ्यात त्यांचं मशीन. माझं तोंड उघडलं होतं, हे मला आठवतं. आणि त्यातून काहीच बाहेर आलं नाही, हेही आठवतं.

ताईंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या वर पंख्याकडे बघत होत्या.

"मीच दाबला," त्या म्हणाल्या. "हातानं. दुखत होता म्हणून."

डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. ॲम्ब्युलन्स आली. बागवानमामा मला म्हणाले, "ताई, गाडी पुढं स्टँडला न्यावी लागेल. तिकिटं तुम्हीच फाडा." मी बाहेर आले. पॅसेंजर रस्त्यावर उभे होते. "कशा आहेत बाई?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बऱ्या आहेत." मग गाडीत चढून त्या आजीला दोन हाफ, एक फुल दिलं.

लोंढेताई वाचल्या. अकरा दिवस सोलापूरला होत्या, त्यातले चार अतिदक्षता विभागात. आगारातून सगळे जाऊन आले. मी गेले नाही.

पहिले काही दिवस मला समजतच नव्हतं की मला काय झालंय. गाडीत मी सुटे पैसे द्यायला विसरायची, घंटी दोनदा मारायची. त्या तसं का बोलल्या? मला वाचवायला? मग माझ्याकडे बघितलं का नाही? वाचवणारं माणूस एकदा तरी बघतं. की त्यांना खरंच वाटत होतं की दोष त्यांचा? की हे उपकार मला पुढं आयुष्यभर लक्षात ठेवावे लागावेत म्हणून त्या बोलल्या? हा शेवटचा विचार आला की मला स्वतःची किळस यायची. आणि तासाभरात तोच विचार परत यायचा.

लाटणं मी खोलीतल्या लोखंडी कपाटामागं सरकवून दिलं होतं. बायकांनी विचारलं तर म्हणायची, फुटलं. फोमचं लाटणं कसं फुटेल, असं कुणी विचारलं नाही.

दोनदा मी डॉक्टर केतकीच्या दवाखान्याच्या जिन्यापर्यंत गेले. एकदा चार पायऱ्या चढले. वरून तिचा कुणाला तरी समजावल्याचा आवाज आला, तसा मोकळा, हसरा. मी उतरून आले.

एक दिवस डेपोत चहा घेताना बागवानमामा म्हणाले, "लोंढेताई विचारत होत्या तुमचं."

"काय विचारत होत्या?"

"उज्ज्वला बरी आहे का म्हणून."

"मी? मला काय झालंय?"

"तेच मी म्हटलं. त्यांना काय झालंय, धडधाकट आहेत." त्यांनी कप खाली ठेवला. "जाऊन या की एकदा. आजारी त्या पडल्या आणि उतरलंय तुमचं तोंड."

तरी मी गेले नाही. महिनाभरानं ताईंनीच फोन केला.

"रविवारी सुट्टी आहे ना तुझी? जेवायला ये." आणि मी काही म्हणायच्या आत फोन ठेवला.

त्या स्टँडमागच्या वसाहतीत दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. नवरा बरीच वर्षं झाली गेलेला, मुलगी लग्न होऊन लातूरला. मी गेले तेव्हा त्या खुर्चीवर बसून गवार मोडत होत्या. वजन उतरलं होतं. डाव्या पायात घट्ट, मांडीपर्यंतचा मोजा होता आणि पाय समोरच्या स्टुलावर ठेवलेला.

"बस," त्या म्हणाल्या. "घे, मोड."

मी त्यांच्यासमोर बसून गवार मोडायला लागले.

"तू दवाखान्यात आली न्हाईस."

"नाही."

"मला वाटलं येशील. मग वाटलं, न्हाई आली ते बरं. काय तोंडानं बोलले असते तुझ्याशी?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "तुम्ही? तुम्ही माझ्याशी?"

त्यांनी उठून फडताळातून पाकीट काढलं. पाकिटातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. आमच्याच गावातल्या डॉक्टरची चिठ्ठी होती. त्यावर इंग्रजीत काहीतरी लिहिलं होतं आणि खाली मराठीत, ताईंना कळावं म्हणून असेल, मोठ्या अक्षरात: *डाव्या पायाची सोनोग्राफी तातडीनं. पाय चोळू नये. कामावर जाऊ नये.* तारीख होती ताई गाडीत कोसळल्या त्या गुरुवारच्या आधीच्या शुक्रवारची.

मी ती तारीख दोन-तीनदा वाचली.

"हे तुमच्याकडे होतं?"

"पाकिटात. तू माझा पाय दाबत होतीस तेव्हा पण पाकिटातच होतं. शेजारी बॅगेत."

"आणि तुम्ही बोलला नाहीत."

"माझी आई साध्या जखमेसाठी दवाखान्यात गेली होती," त्या म्हणाल्या. "तपासण्या करू म्हणाले. आत गेली तेव्हा तिला दोन पाय होते. बाहेर आणली तेव्हा एक होता. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. तो डॉक्टर मला सोनोग्राफी म्हणाला आणि मला पुढचं काही ऐकूच आलं न्हाई." त्यांनी एक शेंग हातात घेतली, ती तशीच धरून ठेवली. "मला कुणीतरी सांगायला पाहिजे होतं की हे काही न्हाई, साधी गाठ आहे. डॉक्टर तसं म्हणणार न्हाई. तू म्हणशील हे मला ठाऊक होतं. तू सगळ्यांना तेच म्हणायचीस. म्हणून मी तुझ्याकडे आले."

मला राग आला. खरंच आला. महिनाभर मी जे गिळत होते ते सगळं एकदम वर आलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही मला अंधारात ठेवून माझ्याकडून करून घेतलंत? तुम्ही मेला असता तर? मी काय केलं असतं?"

"व्हय. तेच सांगायला बोलावलं. त्या डॉक्टरनं विचारलं तेव्हा तुझं नाव कसं घेऊ? पोरीला काहीच ठाऊक नव्हतं. दोष असेल तर माझा. सोलापूरचे डॉक्टर म्हणतात, चालताना पण सुटली असती, नुसती झोपले असते तरी सुटली असती, सांगता येत न्हाई. पण मला सांगायचं होतं, तू मनाला लावून घेऊ नकोस. तुला काही ठाऊक नव्हतं."

हे त्यांनी दोनदा म्हटलं. मला काही ठाऊक नव्हतं.

मी तिथून उठून येऊ शकले असते. जेवून, ताक पिऊन, हलकी होऊन. राग माझ्याकडे होता, माफी त्यांच्याकडे. इतकं सरळ माझ्या पदरात कुणी काही घातलं नव्हतं.

"ताई," मी म्हटलं, "मला ठाऊक होतं."

त्यांची शेंग मोडायची राहिली.

"त्या डॉक्टर पोरीनं सांगितलं होतं. महिला दिनाला. तुम्ही तेव्हा फेरीवर होता. एकच पाय सुजला असेल, गरम लागत असेल, तर लाटणं लावायचं नाही, हातही लावायचा नाही, दवाखान्यात पाठवायचं. ती ते दोनदा बोलली. मी वहीत लिहून घेतलं, सात नंबरला. तुमच्या पोटरीवर मी हात ठेवला तेव्हा ती गरम होती, आणि मला ती ओळ आठवली. अगदी माझ्या अक्षरात दिसली. आणि मी म्हटलं, गाठच आहे."

"का?"

हा प्रश्न मी स्वतःला महिनाभर विचारत होते.

"तुम्ही आला होता," मी म्हटलं. "तुम्ही. सगळ्या आल्या होत्या, फक्त तुम्ही आला नव्हता. आणि मी तुम्हाला काय सांगणार होते, की मला जमणार नाही? हे माझ्या हातातलं नाही?"

ताईंनी ती चिठ्ठी माझ्या मांडीवरून उचलली, होती तशा घड्या घातल्या, पण पाकिटात ठेवली नाही. त्यांचा चेहरा मला वाचता येईना. राग असता तर मी ओळखला असता. मला वाटतं, त्यांच्याही हिशोबात काहीतरी चुकलं होतं. एका अजाण पोरीला आपण फसवलं, या ओझ्याखाली त्या महिनाभर होत्या, आणि आता ती पोर अजाण नव्हती. मग त्या कोण होत्या? मी कोण होते?

"तू आज जा," शेवटी त्या म्हणाल्या. "जेवण पुन्हा कधी."

मी गवारीच्या शेंगा ताटात ठेवल्या आणि आले.

पुढं पंधरा दिवस काहीच नाही. मग ताई कामावर रुजू झाल्या. गाडीवर नाही, चौकशी खिडकीवर, बसून. मी समोरून जायची, त्या माईकवर गाड्या पुकारत असायच्या. नजर पडली तर पडली. मला कळत नव्हतं की आमचं तुटलंय, की अजून काही व्हायचंय.

एका सोमवारी सकाळी पाळी बदलायच्या वेळेला त्या विश्रांती खोलीत आल्या. आम्ही सात जणी होतो. कुणी डबा भरत होतं, कुणी वेणी घालत होतं. ताई दारातल्या बाकावर बसल्या, पाय लांब केला आणि म्हणाल्या, "उज्ज्वलाला काहीतरी सांगायचंय. ऐका."

मी काहीच सांगायला उभी नव्हते. मी त्यांच्याकडे बघितलं. यावेळी त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"काय सांगू?"

"मला सांगितलंस ते. सगळं. आधी तू सांग, मग मी माझं सांगते."

मी सांगितलं. कपाटाला पाठ टेकवून, वाक्यं मागंपुढं होत. पोटरी गरम होती हे सांगितलं. मला आठवलं होतं हे सांगितलं. दवाखान्यात गप्प राहिले हेही. कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. एका बाईनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की ती नजर पुढं कितीतरी दिवस गेली नाही. दोघी-तिघींनी नंतर माझ्याशी बोलणं कमी केलं, ते कायमचंच. मग ताईंनी चिठ्ठीचं सांगितलं. आईच्या पायाचं सांगितलं. ते मात्र त्यांना पुरं करता आलं नाही.

बाहेर सात-वीसची करमाळा गाडी लागली होती. ती माझी होती.

"माझा पण," कोपऱ्यातून आवाज आला.

नीलम कुंभार. बाळंतपणाची रजा संपवून तिला येऊन चारच दिवस झाले होते. ती बोलायची कमी, आणि आता तर खाली फरशीकडे बघून बोलत होती.

"माझा पण एकच पाय सुजतोय. उजवा. परवापासून. सासूबाई म्हणाल्या, बाळंतिणीचं असतं तसं. रोज तेल लावून चोळतात."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी नीलमजवळ गेले, गुडघे टेकून बसले. तिनं सलवार वर केली. मी हात पुढं केला, आणि मागे घेतला.

"मी हात लावणार नाही," मी म्हटलं. "मला यातलं काही कळत नाही. चल, डॉक्टरकडे जाऊ."

"आत्ता? माझी साडेसातची गाडी आहे."

"आत्ता."

ताई बाकावरून उठल्या, भिंत धरून. "तिची गाडी मी बघते. साहेबांशी बोलते. तुम्ही निघा."

माझ्या गाडीवरच्या बागवानमामांना मी खिडकीतूनच सांगितलं की थांबा. त्यांनी इंजिन बंद केलं, एवढंच. रिक्षात नीलम माझा हात घट्ट धरून बसली होती आणि विचारत होती, "काही नसेल ना हो, ताई? साधी सूज असेल ना?" मला म्हणावंसं वाटत होतं, साधीच आहे. ते शब्द अगदी जिभेवर होते.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

डॉक्टरांनी पाय बघितला आणि तिला तिथूनच सोनोग्राफीला पाठवलं. गुठळी होती. लहान, गुडघ्याच्या खाली, अजून जागेवरच. औषधं सुरू झाली. तिचा नवरा आल्यावर मी परत आले.

करमाळा गाडी त्या दिवशी दीड तास उशिरा सुटली. विलंबाच्या अहवालात कारणासाठी एक ओळ असते. बहुतेक वेळा आम्ही तिथं 'तांत्रिक बिघाड' लिहितो. मी पेन घेतलं, खरं कारण लिहिलं, ते एका ओळीत मावेना म्हणून कागद उलटून मागच्या बाजूला लिहिलं, खाली माझं पूर्ण नाव घातलं आणि घंटी मारली.